पलटण कोणाच्या घरची

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नांदेडात माजी सैनिकांची बैठक भरते. बैठक म्हणजे एक पत्र्याची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चार फोटो आणि चहा. मी तिथे जाते, कारण आमचे हे एकटे जाऊ शकत नाहीत. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधाराने चालतो, हात चालत नाही आणि बोलणं गेलं. चारच शब्द राहिले: पाणी, हाव, न्हाई आणि एक शिवी. शिवी फौजेतली आहे, इथे लिहिण्यासारखी नाही. डॉक्टर म्हणाले, ह्यांना समजतं सगळं, फक्त बाहेर पडत नाही. ते मला आधीपासून माहीत होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. सावकाश का होईना, वाचता येतं. त्या पत्र्याच्या खोलीसमोर एक काळा दगड उभा आहे. त्या दगडावर ह्यांचं नाव कोणत्या मथळ्याखाली यावं, यावरून माझं आणि तिथल्या लोकांचं वाजलं. मी भांडखोर आहे, मला फौजेतलं काय कळतं, असं आता काही जण सांगत फिरतात. भांडखोर मी आहेच. दुसऱ्या गोष्टीचं पाहू.

बैठकीला येणाऱ्यांत सात-आठ जण पॅराशूटवाले आहेत, म्हणजे विमानातून उडी मारणाऱ्या पलटणीतले. बाकीचे तोफखान्यातले, पूल बांधणारे, रसद पोचवणारे. पण खोलीत आवाज पॅराशूटवाल्यांचाच. फौजेत त्यांची टोपी मरून रंगाची असते, दुसऱ्या कोणाची तशी नसते, आणि म्हातारपणीही ती टोपी त्यांच्या डोक्यातून उतरलेली नाही. चहा आला की त्यांचं एकच चालू होतं. कोणाची पलटण थोरली, कोणाची धाकटी, फाळणीच्या वेळी कोणती तिकडे गेली, कोणती इकडे राहिली, कोणी आधी उडी मारली. घरातल्या वाटणीवर भाऊ भांडतात तसे भांडतात, फक्त वाटायला काही नसतं.

बैठकीचे अध्यक्ष सुभेदार साहेब. मूळचे उदगीरचे, घरचं किराणा दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मिशीला काळा रंग. त्यांचं म्हणणं असं की त्यांची पलटण कंपनी सरकारच्या काळात उभी राहिली, म्हणून पॅराशूटवाल्यांत तीच सगळ्यांत जुनी.

देगलूरचे एक हवालदार आहेत. ते पॅराशूटवाल्यांच्या दवाखान्याच्या तुकडीत होते, जखमींना पट्ट्या बांधायला जवानांच्या मागे तेही विमानातून पडायचे. जिभेला हाड नाही. ते म्हणायचे, “कंपनी सरकारच्या टायमाला इमान कुठं होतं सायेब? तुमचे लोक उडी कशावरून मारायचे? शिंदीच्या झाडावरून?”

“पलटणीचं वय तिच्या जन्मापासून धरतात, उडीपासून न्हाई,” सुभेदार म्हणायचे. “पायी चालत व्हती तवा बी ती आमचीच पलटण.”

“मंग शिंदी प्यायची, आन् झाडावरून पडायची.”

सगळे हसायचे. आमचे हेही हसायचे, अर्ध्या तोंडाने. मी भिंतीकडच्या खुर्चीत बसून ऐकायची. सुभेदारांचं ते जन्माचं बोलणं मी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

आता ह्यांच्या पलटणीचं सांगते. ती आधी पायी चालणारीच होती. आमच्या समाजाची पोरं तीत जास्त. मग सरकारने तिला विमानातून उड्या मारायला शिकवलं आणि मरून टोपी दिली. ह्यांची बारा वर्षं त्या टोपीत गेली. त्यातली काही वर्षं मी आग्र्याला क्वार्टरमध्ये होते. उड्यांचा दिवस असला की आम्ही बायका गच्चीवर जायचो. लांब मैदानावर विमानातून ठिपके सुटायचे आणि उघडायचे. आपला नवरा त्यातला कोणता, हे कोणालाही ओळखता येत नसे. मग आम्ही सगळेच मोजायचो. सुटलेले आणि उघडलेले सारखे भरले की स्वयंपाकाला खाली उतरायचो. हे घरी यायचे तेव्हा मोज्यांत कुसळं असायची आणि मानेवर दोरीचा वळ. जमिनीवर येताना दोन्ही पाय आणि गुडघे जोडून पडायचं, ही त्यांची सवय इतकी पक्की झाली की पेन्शनवर आल्यानंतरही हे एसटीच्या शेवटच्या पायरीवरून दोन्ही पाय जोडूनच खाली उतरायचे. मागच्या बायका ओरडायच्या, “ओ बाबा, पडताल की!”

मग एक दिवस वरून हुकूम आला. ह्यांच्या पलटणीला साखळीच्या चाकांवर चालणाऱ्या लोखंडी गाड्या मिळाल्या. पलटण पॅराशूटवाल्यांतून काढून गाडीवाल्यांत घातली. नाव बदललं, टोपी बदलली, कागद ठेवायचं ऑफिस बदललं. ह्यांनी सहा शर्ट माझ्यापुढे टाकले. बाह्यांवरची पॅराशूटवाल्यांची पट्टी मी ब्लेडने टाके उसवून काढली. छातीवरचा पंखांचा बिल्ला काढायला गेले, तर हे म्हणाले, “त्याला हात लावू नको. तो पलटणीचा न्हाई, माणसाचा हाय. सरकारनं ठेवायला सांगितलाय.” हे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. तीन वर्षं गाडीत बसले आणि पेन्शनवर आले.

सरकारने बिल्ला ठेवला, तो नांदेडच्या कमिटीने काढायला घेतला.

पावसाळा संपल्यावरच्या एका बैठकीत सुभेदारांनी जाहीर केलं की खोलीसमोर दगड बसवायचा, त्यावर सगळ्यांची नावं कोरायची. मग यादी वाचली. वर मथळा ‘पॅराशूट पलटणींचे जवान’, खाली आठ नावं. मग दुसरा मथळा ‘इतर पलटणींचे जवान’. ह्यांचं नाव तिथे आलं, एक ट्रक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी यांच्या मधे. दोघं चांगली माणसं आहेत. पण विमानातून पडली नव्हती.

यादी वाचून झाल्यावर मी म्हणाले, “सुभेदार साहेब, एक नाव चुकीच्या जागी आलं.”

“चुकीचं न्हाई, वहिनी. आपण सगळ्यांचे डिस्चार्ज बुक मागवले, शेवटचा शिक्का ज्या ऑफिसचा, त्या मथळ्यात नाव. ह्याचा शिक्का गाडीवाल्यांचा हाय.”

“शेवटचं पान बघितलं. मधली पानं?”

“मधल्या पानात उड्यांची नोंद हाय. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? माणूस उड्या मारलेला हाय. पण दगड पलटणीपरमाणं हाय, आन् ती पलटण आता पॅरात न्हाई.”

देगलूरचे हवालदार म्हणाले, “म्हंजे आक्का, सायबाच्या मतानं माणूस वरून पडला, आन् पलटण खाली गाडीत बसून बघत व्हती.”

सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला समजावल्यासारखं म्हणाले, “वहिनी, सोपं सांगतो. लेक लग्न करून दिली की ती त्या घरची. तिचं आडनाव बदलतं. ह्यांची पलटण आमच्या घरातून गाडीवाल्यांच्या घरी दिली. आता तिला माहेरच्या नावानं कसं लिहायचं?”

“माझं माहेर निलंग्याकडं,” मी म्हणाले. “लहानपणी मी मांजरा नदीत पोहायला शिकले. लग्न होऊन हदगाव तालुक्यात आले. आता माझं पोहणं सासरच्यांनी शिकवलं म्हणायचं, का मला पोहताच येत नव्हतं म्हणायचं?”

तोफखान्यातला एक जण फसकन हसला. मी थांबले नाही.

“आणि तुमच्या पलटणीचं काय? तुमचे आजे-पणजे पायी चालले. त्यांनी विमान डोळ्यांनी बघितलं न्हाई. ते तुमच्यात धरता. पलटणीचं वय जन्मापासून म्हणता. आणि आमचे हे खरोखर वरून पडले, त्यांना मात्र शेवटच्या शिक्क्यावरून धरता. तुमच्या पलटणीला पहिलं पान, आमच्या पलटणीला शेवटचं. साहेब, घरच्या दुकानात पण अशीच दोन मापं ठेवली होती का?”

सुभेदारांचा चेहरा तांबडा झाला. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, “अहो बाई, तुमच्या पलटणीचा इतिहासच तुटक हाय. आधी व्हती, मंग बंद, मंग पुन्हा सुरू. त्याला काय थोरलेपण?”

मी उठून मागे पाहिलं. बोलणारा रसदीतला होता. “तुटक कामून हाय, ठाव हाय का?” मी म्हणाले. “इंग्रजानं आमच्या लोकांची भरती बंद केली म्हणून. लढाई जिंकेपर्यंत चाललो, मग आमची जात आठवली. पुन्हा गरज पडली तवा पुन्हा बोलावलं. आमची वंशावळ विचारणारे मी लहानपणापासून बघितले. पाणवठ्यावर विचारायचे. तिथं उत्तर देत व्हते, इथं बी देते.”

चहावाला ट्रे घेऊन दारातच उभा राहिला.

सुभेदार खरे तर वाईट माणूस नाहीत. त्यांनाही ते अवघड झालं असावं. ते खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर येऊन बसले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, “काय रे दोस्ता! तुझं नाव दगडावर येऊन राहिलं. गाडीवाल्यांत आलं तर चालंल ना?”

“न्हाई,” हे म्हणाले.

सुभेदार माझ्याकडे वळले. “ह्याला समजतंय का, का असंच बोलून राहिला?”

तेव्हा ह्यांनी ती शिवी दिली. स्वच्छ, पूर्ण, सुभेदारांच्या डोळ्यांत बघून. तीन वर्षांत इतकी स्पष्ट निघाली नव्हती.

आधी देगलूरवाले हसले, मग सगळी खोली. सुभेदारही हसले, काय करणार. “समजतंय, समजतंय,” म्हणाले. “पुढच्या बैठकीत ठराव घेऊ. आज विषय बंद.”

मी त्यावर विश्वास ठेवला. ती माझी चूक.

नऊ दिवसांनी देगलूरच्या हवालदारांचा फोन आला. “आक्का, ठरावाची वाट बघू नका. यादी हाय तशी लातूरला गेली. दगडवाल्यानं काम सुरू केलं म्हणतेत. उद्घाटनाला मोठे रिटायर साहेब येऊन राहिलेत, तारीख धरलीय, म्हणून घाई.”

“तुम्ही बोलले न्हाईत?”

“बोललो की. मला म्हणले, तुम्ही दवाखान्यावाले, पट्ट्या बांधा.”

मी सुनेला ह्यांच्या औषधाच्या वेळा सांगितल्या आणि सकाळची लातूर एसटी धरली. कुठे जाते ते ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, “हाव.” लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातूरला उतरले. हवालदारांनी दुकान औसा रोडला सांगितलं होतं, विचारत विचारत गेले.

दुकान म्हणजे शेड. बाहेर समाधीचे दगड, देवळाच्या पायऱ्या, कोणाच्या बंगल्याची नावपाटी. दगडवाला चाळीशीचा, केसांत पांढरी धूळ. मी म्हणाले, “नांदेडच्या सैनिकांचा दगड बघायचाय.” त्याला वाटलं कमिटीने पाठवलं. त्याने कौतुकाने नेलं. काळा दगड आडवा ठेवला होता, वर रबराचा कागद चिकटवलेला. त्या कागदात अक्षरं कापून काढली होती.

“हे असं कामून?” मी विचारलं.

“मावशी, आता ह्याच्यावर मशीननं वाळू मारायची. कागद उघडा हाय तिथं दगड खोल जातो, झाकलेला हाय तिथं जात न्हाई. मग सोनेरी रंग.”

“आणि कापलेल्या नावावर पट्टी लावली तर?”

“तर ते नाव उठत न्हाई. तिथं दगड गुळगुळीतच राहतो.”

हे त्याने मला सांगायला नको होतं.

मी चष्मा लावला आणि एक एक ओळ बोट ठेवून वाचली. वरची आठ नावं वाचली. त्या आठांखाली बोटभर जागा मोकळी होती. मग दुसरा मथळा, मग ड्रायव्हर, मग हे. नाव बरोबर लिहिलं होतं, तेवढं बरं. टेबलावर रुंद चिकटपट्टी पडलेली होती. मी ती घेतली, दाताने तोडली आणि ह्यांच्या नावावर लावली. वर आणखी एक लावली. हाताने घासून बसवली.

“ओ मावशी! काय करून राहिल्या तुम्ही?” दगडवाला धावला.

“नाव झाकून राहिले. माझ्या नवऱ्याचं हाय. ह्या जागी नको.”

“अहो, पण यादी कमिटीची...”

“कमिटीला फोन लाव.”

त्याने घाबरून लावला आणि फोन माझ्या हातात दिला. सुभेदार म्हणाले, “वहिनी? तुम्ही कुठून बोलून राहिल्या?”

“लातूरहून. दगडापाशी उभी हाय.”

“घाई झाली, वहिनी. मोठ्या साहेबांची तारीख...”

“तारीख धरा. मी आडवी येत न्हाई. ह्यांचं नाव झाकलं, एवढं सांगायला फोन केला.”

“जित्या माणसाचं नाव तुम्ही काढता?”

“जिता हाय म्हणूनच काढते. मेला असता तर तुम्ही म्हणला असता, त्याचं काही म्हणणं नव्हतं. त्यानं काय म्हटलं ते तुम्ही समोर बसून ऐकलंय.”

“वर जागा न्हाई.”

दगडवाला कान देऊन ऐकत होता. भोळा माणूस. “वर एक ओळ बसते की,” तो मोठ्याने म्हणाला.

सुभेदारांनी ते ऐकलं. “वर घ्यायचं तर ठराव लागंल. मी एकटा न्हाई घेऊ शकत.”

“मग ठराव होईपर्यंत खालची ओळ कोरी ठेवा. मी इथून हलले आणि ही पट्टी निघाली, तर उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर, मोठ्या साहेबांसमोर, डिस्चार्ज बुकाची मधली पानं मी मोठ्यानं वाचीन. मला वाचायला वेळ लागतो. जेवायची वेळ टळंल सगळ्यांची.”

सुभेदारांनी फोन दगडवाल्याला द्यायला सांगितला. तो नुसता “हाव साहेब, हाव साहेब” म्हणाला. मग मशीन सुरू केलं. मी शेडच्या बाहेर एका पायरीच्या दगडावर बसून राहिले, त्याचं सगळं होईपर्यंत. त्याच्या बायकोने मला भाकरी आणि ठेचा दिला. कागद सोलून काढल्यावर मी आत जाऊन हात फिरवला. ड्रायव्हर, मग गुळगुळीत, मग स्वयंपाकी.

उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. ह्यांनी कोट घातला, कोटावर पंख लावले. मोठे रिटायर साहेब आले, फीत कापली, मग जवळ जाऊन नावं वाचायला लागले. त्यांची नजर अडकली.

“सुभेदार साब, ये लाइन खाली क्यों है?”

सुभेदारांनी मिशी ओढली, माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्या खुर्चीमागे उभी होते, डिस्चार्ज बुक पिशवीत होतं.

“सर, वहाँ एक पॅराट्रूपर का नाम आना है,” ते म्हणाले. “पलटन बदली हो गई थी. मामला कमिटी में है.”

पॅराट्रूपर हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने काढला, इतक्या लोकांसमोर. देगलूरचे हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, “झालं की आक्का, वाद मिटला.” मी म्हणाले, मिटला नाही, दगडावर नाव कुठे आहे?

तेव्हापासून कोणीही नवीन माणूस आला की तोच प्रश्न विचारतो, आणि अध्यक्ष म्हणून उत्तर सुभेदारांनाच द्यावं लागतं. एवढ्या नावांत लोकांना नेमकी रिकामी जागाच दिसते. एक पलटण होती, ती आधी चालायची, मग उडी मारायला लागली, मग तिला गाड्या दिल्या, हे सगळं त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं. माझ्याइतकंच आता त्यांनाही पाठ झालं आहे.

ठराव एकदा मांडला, पडला. दुसऱ्यांदा पुढे ढकलला.

गेल्या आठवड्यात सुभेदार घरी आले. ह्यांच्याजवळ बसले, ह्यांचा चालणारा हात हातात घेतला, चहा प्यायले. मग मला म्हणाले, “वहिनी, एक मार्ग निघतो. खालच्याच जागी नाव कोरू, पण पुढं कंसात ‘माजी पॅरा’ लिहू. लोक मान्य करून राहिलेत. तुम्ही हाव म्हणा.”

“माजी तर तुम्ही सगळेच हायेत,” मी म्हणाले. “तुमच्या आठ जणांपुढं पण लिहिणार का?”

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले आणि ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, “तू आग्र्याला हिला भीत व्हतास का रे?”

“हाव,” हे म्हणाले.

जाताना दारात चप्पल घालत सुभेदार म्हणाले, पहिल्या रविवारी ठराव पुन्हा ठेवतो, या वेळी मी स्वतः बोलतो, बघू. मी म्हणाले, ठेवा. पडला तर पुढच्या महिन्यात परत ठेवा. आठ नावांच्या खाली बोटभर जागा आहे, मी लातूरला हात लावून बघितली आहे. शेवटचं नाव म्हणून आलं तरी चालेल. पण मथळा वरचा पाहिजे.